खोलीतील दुसरा वकील

'ज्युरी' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला बहुधा १९५९ मधील नानावटी प्रकरण आठवते. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे नऊ नागरिक, त्यांचा आठ विरुद्ध एक असा कौल, आणि तो अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडणारे सत्र न्यायाधीश. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली 'ग्रँड ज्युरी' मात्र या ज्युरीहून निराळी आहे. ती दोषनिर्णय करीत नाही. एखाद्या माणसावर खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, एवढेच ती ठरवते. तिचे काम खटल्याआधीचे, आणि म्हणून उंबरठ्यावरचे. ते बंद दाराआड चालते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत सोळा ते तेवीस नागरिक एका खोलीत बसतात. तेथे न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो, श्रोते नसतात. सरकारी वकील असतो, एका वेळी एक साक्षीदार असतो आणि टिपणे घेणारा लेखनिक असतो. साक्षीदाराला प्रश्न विचारणारा सरकारी वकील, कायद्याचे कलम वाचून दाखवणारा सरकारी वकील, आणि त्या कलमाचा अर्थ सांगणाराही तोच.

७ नोव्हेंबर १९७८ रोजी हवाई राज्याच्या मतदारांनी या खोलीत दुसरा वकील बसवण्याचा कौल दिला. त्या कौलामागे काय होते, आणि पुढील चार दशकांत त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. कारण हा इतिहास कायद्याचा असला तरी त्यातील मूळ प्रश्न आपल्या, म्हणजे भाषा आणि अर्थ यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांच्या, परिचयाचा आहे: ज्याला मजकुराचा अर्थ दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागतो, त्याचा निर्णय कितपत त्याचा स्वतःचा असतो?

'आम्हांस ठाऊक नाही'

ग्रँड ज्युरीचा उगम लोकांच्या संरक्षणासाठी झाला नव्हता. इ. स. ११६६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने क्लॅरेंडन येथे जे फर्मान काढले, त्यानुसार प्रत्येक परगण्यातील बारा माणसांनी आपल्या भागातील संशयित गुन्हेगारांची नावे शपथेवर सांगावयाची होती. म्हणजे ही व्यवस्था प्रथम राजाचे कान म्हणून जन्माला आली. तिला ढालीचे रूप आले ते पुष्कळ नंतर, सतराव्या शतकात.

आरोपाचा कागद ज्युरीपुढे आला की ती त्याच्या पाठीवर लॅटिनमध्ये शेरा लिहीत असे. आरोप मान्य असल्यास 'बिल्ला व्हेरा', म्हणजे खरा कागद; अमान्य असल्यास 'इग्नोरामस', म्हणजे 'आम्हांस ठाऊक नाही'. इंग्रजीत आज 'इग्नोरामस' म्हणजे अडाणी माणूस. हा अर्थ रूढ होण्यात जॉर्ज रगल याच्या त्याच नावाच्या लॅटिन प्रहसनाचा मोठा वाटा आहे. १६१५ मध्ये केंब्रिज येथे पहिल्या जेम्स राजापुढे त्याचा प्रयोग झाला. त्यातला इग्नोरामस हा कोणी खेडवळ ज्युरर नव्हे. तो वकील आहे. कायद्याच्या मोडक्यातोडक्या लॅटिनचा दिमाख मिरवणारा, आणि प्रत्यक्षात काहीच न जाणणारा.

ज्युरीच्या 'ठाऊक नाही' या शेऱ्याला खरे राजकीय वजन आले ते १६८१ मध्ये. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत स्टीफन कॉलेज या सुतारावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. लंडनच्या ग्रँड ज्युरीने 'इग्नोरामस' लिहून तो परत केला. सरकारने मग खटल्याची जागाच बदलली. ऑक्सफर्ड येथे अनुकूल ज्युरी मिळाली आणि ऑगस्टअखेर कॉलेज फासावर गेला. नोव्हेंबरमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांची पाळी आली. ज्युरीने साक्षीदारांना एकांतात तपासू देण्याची मागणी केली. न्यायाधीशांनी ती नाकारून साक्षी राजाच्या वकिलांकरवी भर न्यायालयात घेतल्या. तरीही ज्युरीने 'इग्नोरामस' हाच शेरा दिला. या प्रसंगाचे साहित्यातले पडसाद इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. ड्रायडनचे 'अ‍ॅब्सलम अँड अ‍ॅकिटोफेल' याच महिन्यात, निकालाच्या काही दिवस आधी, प्रसिद्ध झाले. आणि शाफ्ट्सबरीच्या सुटकेप्रीत्यर्थ त्याच्या पक्षाने पदक पाडले तेव्हा त्याचा समाचार घेणारे 'द मेडल' १६८२ मध्ये आले. एका ज्युरीने लिहिलेल्या एका शब्दाभोवती इंग्रजी उपहासकाव्याचा केवढा भाग उभा आहे, हे सहसा वर्गात सांगितले जात नाही.

कॉलेजच्या प्रकरणातील एक गोष्ट मात्र पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे. ज्युरीने नाही म्हटले म्हणजे विषय संपला असे होत नाही. सरकारी पक्ष दुसरे दार शोधतो. १७३४ मध्ये न्यूयॉर्क येथे गव्हर्नरावर टीका छापल्याबद्दल जॉन पीटर झेंगर या मुद्रकावर खटला भरण्यास ग्रँड ज्युरींनी दोनदा नकार दिला. तेव्हा अ‍ॅटर्नी जनरलने ज्युरीला वगळून स्वतःच्या सहीने आरोप दाखल केला. झेंगर १७३५ मध्ये सुटला तो खटल्यातील ज्युरीमुळे. या आठवणी ताज्या असलेल्या पिढीने १७९१ मध्ये अमेरिकेच्या घटनेला पाचवी दुरुस्ती जोडली आणि गंभीर संघीय गुन्ह्यांसाठी ग्रँड ज्युरी अनिवार्य केली.

ही संस्था आपल्या मुंबईतही होती, हे येथे नमूद केले पाहिजे. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना साध्या ज्युरीवर बसता येऊ लागले, परंतु ग्रँड ज्युरीत केवळ ख्रिस्ती माणसांनाच स्थान होते. मुंबईतील हिंदू, पारशी आणि मुसलमान रहिवाशांनी याविरुद्ध थेट ब्रिटिश संसदेकडे अर्ज केला, आणि १८३२ मध्ये तो अडसर दूर झाला. उंबरठ्यावरच्या त्या खोलीत कोण बसतो हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे त्या पिढीला नेमके समजले होते. पुढे १८६५ मध्ये हिंदुस्थानातील इलाख्यांच्या राजधान्यांतून ग्रँड ज्युरी रद्द झाली. इंग्लंडने तिला १९३३ मध्ये जवळजवळ निरोप दिला. अमेरिकेत ती राहिली.

ढालीचा शिक्का होतो

राहिली खरी, पण तिचे स्वरूप पालटले. विसाव्या शतकात व्यावसायिक सरकारी वकिलांचे कार्यालय बळावत गेले आणि ज्युरी त्यांच्यावर अवलंबून राहू लागली. १९५६ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की केवळ ऐकीव पुराव्यावरही ग्रँड ज्युरीचे आरोपपत्र टिकू शकते. १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, असे म्हटले की आरोपीच्या बाजूचा पुरावा ज्युरीपुढे ठेवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश सॉल वॉक्टलर यांनी काढलेले उद्गार तर आता म्हणीसारखे झाले आहेत: सरकारी वकिलाने मनात आणले तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरही आरोप ठेवील. आकडेही हेच सांगतात. २०१० या वर्षी संघीय सरकारी वकिलांनी सुमारे १,६२,००० प्रकरणे चालवली. ग्रँड ज्युरींनी आरोपपत्रास नकार दिला तो केवळ ११ प्रकरणांत.

हे सारे ज्युरर दुबळ्या मनाचे असतात म्हणून घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण साधे आहे. नागरिक कायदा जाणत नाहीत. 'संभाव्य कारण' म्हणजे किती पुरावा, 'स्वसंरक्षण' कोठे संपते, हे कोणीतरी सांगावेच लागते. आणि खोलीत सांगणारा एकच असतो. वाचकापुढे मूळ संहिता नसावी, एकच भाष्यकार असावा, आणि तो भाष्यकारच वादातील एक पक्ष असावा, अशी ही स्थिती आहे.

होनोलुलू, १९३२ आणि १९७८

हवाईतील लोकांना ग्रँड ज्युरीचा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नव्हता. सप्टेंबर १९३१ मध्ये नौदलातील अधिकाऱ्याची पत्नी थॅलिया मॅसी हिने आपल्यावर बलात्कार झाल्याची फिर्याद दिली. पाच तरुणांवरील खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. त्यांपैकी जोसेफ काहाहावाई या मूळ हवाईयन तरुणाला जानेवारी १९३२ मध्ये थॅलियाची आई, पती आणि दोन नौसैनिक यांनी पळवून नेले आणि त्याचा खून झाला. हे प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे आले. ज्युरीत गोऱ्यांचे प्राबल्य होते आणि आरोप ठेवण्यास ती तयार नव्हती. न्यायाधीश अल्बर्ट क्रिस्टी यांनी तिला कर्तव्याची कडक शब्दांत जाणीव देऊन पुन्हा विचार करावयास लावले, तेव्हा कोठे दुसऱ्या दर्जाच्या खुनाचे आरोपपत्र निघाले. पुढे क्लॅरेन्स डॅरो यांच्यासारखा विख्यात वकील आरोपींच्या बाजूने उभा राहिला. सदोष मनुष्यवधाचा दोष शाबीत झाला. आणि दहा वर्षांची सजा गव्हर्नर लॉरेन्स जड यांनी एका तासावर आणली.

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. ज्युरीची मोकळीक ही नेहमी दुर्बळाच्याच कामी येते असे नाही. खोलीत बसलेले लोक बलिष्ठांचे आप्त असतील तर ती मोकळीक खुन्यालाही पाठीशी घालू शकते. १९३२ मध्ये न्यायाची बाजू राखली ती ज्युरीने नव्हे, तिच्यावर दबाव आणणाऱ्या न्यायाधीशाने. तेव्हा 'स्वतंत्र ज्युरी' ही कल्पना जितकी दिसते तितकी सोज्वळ नाही.

१९७८ च्या उन्हाळ्यात होनोलुलू येथे १०२ प्रतिनिधींची घटनापरिषद भरली. वॉटरगेट नुकतेच होऊन गेले होते. निक्सन यांच्या कारकिर्दीत युद्धविरोधी चळवळीतील कार्यकर्त्यांना छळण्यासाठी ग्रँड ज्युरीचा वापर झाला, ही तक्रार सर्वत्र होती. अमेरिकन बार असोसिएशनने १९७७ मध्ये सुधारणेची तत्त्वे मान्य केली होती. काँग्रेसमधील विधेयके मात्र पुढे सरकत नव्हती. हवाईच्या परिषदेचे नाव आज मुख्यतः दोन गोष्टींसाठी घेतले जाते: हवाईयन भाषेला मिळालेला राजभाषेचा दर्जा, आणि मूळ हवाईयनांच्या कारभारासाठी निर्माण झालेले कार्यालय. याच परिषदेने आणखी एक छोटे कलम सुचवले. ग्रँड ज्युरी नेमली जाईल तेव्हा तिला सल्ला देण्यासाठी एक स्वतंत्र वकील असावा. तो सनदधारक असावा, पण सरकारी नोकर नसावा. मतदारांनी ते मान्य केले, आणि ते आज राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणात अकरावे कलम म्हणून आहे.

कलमाची मांडणी पाहण्याजोगी आहे. सरकारी वकिलाला खोलीबाहेर काढलेले नाही. त्याचे बोलणे बंद केलेले नाही. त्याच्या शेजारी दुसरा जाणकार बसवला आहे, एवढेच. त्यानंतरच्या कायद्याने या वकिलाची नेमणूक सरन्यायाधीशांकडे सोपवली आणि त्याचे काम ठरवून दिले: ज्युरीने कायद्याविषयी विचारलेले प्रश्न ऐकावेत, शोध घ्यावा, उत्तर द्यावे. 'विचारलेले' हा शब्द येथे निर्णायक आहे. आपणहून साक्षीदाराला प्रश्न करणे, सरकारी वकिलाच्या मांडणीतली उणीव दाखवणे, हे त्याचे काम नव्हे. ज्याला आपण काय जाणत नाही हेच ठाऊक नाही, तो विचारणार काय? वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. 'काही शंका?' या प्रश्नावर जी शांतता पसरते, ती समजल्याची खूण क्वचितच असते.

तरीही हे कलम निरर्थक ठरत नाही. त्याचे मोल दुसऱ्या एका प्रकरणावरून कळते. २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे एका पोलिसाने निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली. तेथील ग्रँड ज्युरीला सरकारी पक्षाने प्रारंभी बळाच्या वापराविषयीचा राज्याचा असा जुना कायदा वाचावयास दिला, जो सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निर्णयाशी विसंगत होता. अनेक आठवड्यांनी चूक दुरुस्त करण्यात आली. तेव्हा एका ज्युररने मूलगामी प्रश्न विचारला: सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय राज्याच्या कायद्यावर वरचढ असतो काय? उत्तर असे मिळाले की त्याची फार काळजी करू नका. आरोपपत्र निघाले नाही. योग्य उत्तर मिळाले असते तर निकाल बदलला असता, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे नीट उत्तर देणारा कोणी खोलीत नव्हता, एवढे निश्चित. हवाईचे कलम नेमके याच क्षणासाठी आहे.

मतदारांना कोणी समजावले?

या इतिहासातील खरा पेच मतदानाच्या बाजूला आहे. १९७८ मध्ये मतदारांपुढे एकाच दिवशी ३४ प्रश्न होते आणि सर्वच्या सर्व मंजूर झाले. इतक्या दुरुस्त्यांचा मजकूर किती जणांनी वाचला असेल? त्यांनाही कोणीतरी केलेल्या सारांशावर विसंबावे लागले. प्रकरण न्यायालयात गेले. १९७९ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेची पद्धत ग्राह्य मानली, पण काही दुरुस्त्या रद्द ठरवल्या, कारण त्यांविषयी मतदारांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. 'हवाईयन' कोणाला म्हणावे ही व्याख्या त्यांतच गेली. स्वतंत्र वकिलाचे कलम टिकले. ज्युरीला निःपक्षपाती भाष्यकार द्यावा असे ठरवणारे मतदार स्वतः मात्र भाष्यकारांच्याच भरवशावर होते.

पुढे त्याच मतदारांनी सरकारी पक्षाला दुसरी दारे उघडून दिली. १९८२ च्या दुरुस्तीने ग्रँड ज्युरीऐवजी न्यायाधीशापुढील प्राथमिक सुनावणीवरूनही गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्यास घटनेची आडकाठी उरली नाही. २००२ मध्ये सरकारी वकिलाच्या लेखी आरोपावरूनही खटला भरता यावा, असा प्रश्न मतदानास आला आणि संमत झाला. परंतु मजकूर लोकांपर्यंत पोचवण्याची घटनेने घालून दिलेली रीत पाळली गेली नव्हती, म्हणून न्यायालयाने तो कौल रद्द केला. २००४ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि दुरुस्ती कायम झाली. झेंगरविरुद्ध वापरलेले दारच हे, आता लोकमताने उघडलेले. कॅलिफोर्नियातही असेच घडले. १९७८ मध्येच तेथील न्यायालयाने ग्रँड ज्युरीने आरोपी ठरवलेल्यालाही प्राथमिक सुनावणीचा हक्क दिला होता. जून १९९० मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन ११५' मंजूर करून तो काढून घेतला. प्रश्न 'ज्युरी स्वतंत्र असावी काय?' असा विचारला की उत्तर होय येते. 'गुन्हेगाराला लवकर शासन व्हावे काय?' असा विचारला तरी उत्तर होयच येते.

दुसऱ्या दाराचा उपयोग लवकरच प्रत्यक्ष दिसला. जून २०२१ मध्ये होनोलुलूच्या ग्रँड ज्युरीने, सोळा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूप्रकरणी पोलिसांवर आरोप ठेवण्यास नकार दिला. सरकारी वकिलांनी काही दिवसांत तीन पोलिसांवर प्राथमिक सुनावणीच्या मार्गाने आरोप दाखल केले. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तेही फेटाळले. १९३२ च्या प्रकरणाशी हे ताडून पाहावे. ज्युरीने दिलेला नकार या वेळी सामान्य माणसाच्या संरक्षणाचा होता की सत्तेच्या, यावर होनोलुलूत दोन मते होती आणि दोन्ही प्रामाणिक होती. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका खून-प्रकरणात, जेथे ग्रँड ज्युरीने आधी नकार दिला होता, हा मार्गच अडवला: घटना परवानगी देत असली तरी जुना कायदा गंभीर गुन्ह्यासाठी असा मार्ग देत नाही, असे त्याने म्हटले. २०२३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा बदलला आणि दार पुन्हा उघडले.

अकरावे कलम आजही घटनेत आहे, पण ते ज्या खोलीचे नियमन करते तिला वळसा घालून जाण्याच्या वाटा आता वैध आहेत.

मग १९७८ चा कौल वाया गेला काय? तसे म्हणवत नाही. संस्था किती वाकतात हे त्यांत बसणाऱ्या माणसांवरही अवलंबून असते. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे संघीय अधिकाऱ्याच्या अंगावर सँडविच फेकणाऱ्या माणसावर गंभीर गुन्ह्याचे आरोपपत्र ठेवण्यास ग्रँड ज्युरीने नकार दिला. वॉक्टलर यांच्या म्हणीला चाळीस वर्षांनी असे अक्षरशः उत्तर मिळाले. सरकारी पक्षाने मग किरकोळ गुन्ह्याचा आरोप ग्रँड ज्युरीविनाच दाखल केला. नोव्हेंबरमध्ये खटल्यातील ज्युरीने त्यालाही निर्दोष ठरवले. त्या खोलीत कोणी दुसरा वकील नव्हता. तेथील नागरिकांनी एकाच भाष्यकाराचे भाष्य ऐकले आणि ते मानले नाही.

असे धैर्य गृहीत धरून व्यवस्था रचता येत नाही, आणि म्हणूनच हवाईच्या कलमाचे महत्त्व उरते. ज्युररला कायदा ठाऊक नसणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्याला ठाऊक नाही हे त्याला उघडपणे म्हणता यावे, आणि ते ज्याला म्हणावयाचे तो त्याच खटल्यातला पक्षकार नसावा, एवढीच त्या कलमाची अपेक्षा आहे. सतराव्या शतकातल्या ज्युरीने 'आम्हांस ठाऊक नाही' हा शब्द कागदाच्या पाठीवर लिहून राजाला थोपवले होते. १९७८ च्या मतदारांनी तोच शब्द प्रश्न म्हणून विचारण्याची सोय करून दिली. तो विचारला जातो की नाही, हे मात्र कोणत्याही घटनेला लिहून ठेवता आलेले नाही.